बोंडअळीच्या पतंगात रंगलेल्या पेशी : सगळ्या पीबीएएनच्याच म्हणायच्या का?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, आज अडले म्हणून धागा काढते.

मी जळगाव जिल्ह्यात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करते. कीटक आपला नेहमीचाच : अमेरिकन बोंडअळी, म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. हिची मादी पतंग रात्री गंध सोडते आणि नर त्या वासावर येतो, हे शेतात कामगंध सापळे लावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गंध बनतो पोटाच्या टोकाच्या ग्रंथीत, पण कधी बनवायचा हे ठरतं डोक्यात. डोक्यातून रक्तावाटे जो निरोप जातो तो म्हणजे पीबीएएन नावाचं ३३ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. ते अन्ननलिकेखालच्या गुच्छिकेतल्या (गुच्छिका म्हणजे चेतापेशींची गाठ, गँग्लियन) मोजक्या चेतापेशी बनवतात. त्या पेशी मला आपल्या भागातल्या पतंगात ओळखून दाखवायच्या आहेत.

पद्धत थोडक्यात सांगते. हरभऱ्यावरून अळ्या आणून हरभरा पिठाच्या कृत्रिम खाद्यावर एकेकटी वाढवते (एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात). माद्या कोषातच वेगळ्या काढते. पतंग निघाल्यावर सलाइनमध्ये मेंदू आणि मज्जारज्जू काढून ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये रात्रभर फ्रीजमध्ये, मग ट्रायटन घातलेल्या बफरने धुणे, बोकडाच्या सीरमने ब्लॉक करणे (म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटत नाही), त्यावर सशात तयार केलेली पीबीएएनविरोधी अँटीबॉडी, आणि शेवटी हिरवा चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटीबॉडी. पहिली अँटीबॉडी एका दुसऱ्या प्रयोगशाळेने भेट दिलेली आहे. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपसाठी जळगावला जाते.

आता प्रश्न. अन्ननलिकेखालच्या गुच्छिकेत मध्यरेषेवर पेशींचे तीन पुंजके सुंदर रंगले. पुस्तकात आहेत तसेच. पण पोटाच्या गुच्छिकांमध्येही प्रत्येकीत जोडीजोडीने पेशी रंगल्या आहेत. आमच्याकडचं मत असं पडलं की अँटीबॉडी पीबीएएनची, म्हणून रंगल्या त्या सगळ्या पीबीएएनच्या पेशी. माझं मन मानत नाही. तुम्ही काय म्हणाल?

तोरणमाळ

ताई, एम.एस्सी.ला आहे, शहाद्याहून. मूळ गोष्टच विचारतो : अँटीबॉडीला कळतं कसं की ही पेशी पेप्टाइड बनवणारी आहे?

गिरणाकाठची

तिला पेशी कळत नाही, फक्त आकार कळतो. ३३ अमिनो आम्लांच्या साखळीतला पाच-सात आम्लांचा एखादा तुकडा तिच्या टोकात बसतो आणि ती तिथे चिकटते. पेप्टाइड एवढं लहान असतं की नुसतं टोचलं तर सशाचं शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून ते एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून टोचतात. जोडणी कुठल्या टोकाकडून केली यावर अँटीबॉडी पेप्टाइडचा कोणता भाग ओळखणार हे बरंचसं ठरतं.

धुळेकर कीटकवाला

ताई, तुमचं मन मानत नाही ते योग्यच आहे. पण त्या वादात शिरण्याआधी थोडं मागे जाऊन सांगतो, कारण हा विषय मी आयुष्यभर शिकवला आणि नव्या मुलांना त्यातला थरार कुणी सांगत नाही.

मेंदूतली पेशी हॉर्मोन सोडते हे पहिल्यांदा दिसलं ते कीटकात. पोलंडमधल्या स्टेफान कोपेच यांनी जिप्सी मॉथच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळ्यांचा मेंदू काढला. एका ठरावीक वेळेआधी काढला तर अळी जिवंत राहायची, पण कोषात जायची नाही. त्या वेळेनंतर काढला तर मेंदूशिवायही कोष बनायचा. म्हणजे मेंदूने आपला निरोप तोवर रक्तात सोडलेला होता. हा शोध १९२२ सालचा. त्या काळी चेतापेशी म्हणजे विजेच्या तारा, हॉर्मोन म्हणजे ग्रंथींचं काम, अशी पक्की वाटणी होती. अर्न्स्ट आणि बर्टा शारर या दांपत्याने पुढची कित्येक वर्षं ही वाटणी मोडण्यात घालवली. बर्टा बाईंचं बरंचसं काम झुरळावर झालं.

या पेशी दिसायच्या कशा? गोमोरी यांनी १९४१ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींसाठी एक रंग काढला होता, क्रोम अ‍ॅलम हिमॅटॉक्सिलिनचा. १९४९ मध्ये बार्गमान यांनी तो मेंदूला लावला आणि स्राव सोडणाऱ्या पेशी गर्द निळ्या उठून दिसल्या. पुढे पॅराल्डिहाइड फ्युक्सिन आलं. आमच्या पिढीने झुरळाच्या मेंदूत मधोमध जांभळ्या पेशींचा झुबका पाहिला तो याच रंगाने. पण हे रंग पेप्टाइडचं नाव सांगत नाहीत. गंधकाचे बंध जास्त असलेला माल जिथे साठला आहे तिथे ते बसतात, इतकंच. ज्या पेप्टाइडमध्ये गंधक नाही ती पेशी कोरीच राहते.

आणि नाव कळण्यासाठी किती खटाटोप! कीटकातलं पहिलं न्यूरोपेप्टाइड ज्याची पूर्ण रचना कळली ते प्रॉक्टोलिन. अवघ्या पाच अमिनो आम्लांचं. १९७५ मध्ये स्टारॅट आणि ब्राऊन यांनी सव्वा लाख झुरळांमधून ते वेगळं केलं, आणि हाती आलं १८० मायक्रोग्रॅम. रचना कळली म्हणून ते प्रयोगशाळेत बनवता आलं, बनवता आलं म्हणून सशाला टोचता आलं, आणि १९८० च्या दशकात झुरळाच्या गुच्छिकांत प्रॉक्टोलिनच्या पेशी एकेक करून नकाशावर आल्या. तुमच्या पीबीएएनचीही हीच वाट. अशोक रैना आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मक्यावरच्या बोंडअळीत, हेलिकोव्हर्पा झीमध्ये, १९८४ ला दाखवलं की मादीचं डोकं आणि छाती यांच्या मध्ये दोरा आवळला की गंध बनणं थांबतं, आणि मेंदूचा अर्क टोचला की पुन्हा सुरू होतं. रचना हाती यायला १९८९ उजाडलं.

आता मुद्द्यावर. अँटीबॉडी गोमोरीच्या रंगापेक्षा कितीतरी नेमकी आहे. तरी तोही एक रंगच आहे. तो कशाला चिकटला हे आपल्याला सिद्ध करावं लागतं.

केळीकपाशी

ताई, मी पारोळ्याकडला शेतकरी. हाई समदं वाचं. मना एकच प्रश्न शे : ह्या पेशी सापडन्यात तर मन्ही कपाशीले काय फायदा?

(अहिराणी न समजणाऱ्यांसाठी पुढचं मराठीत.) सापळे मी दरवर्षी लावतो. गुलाबी बोंडअळीचे वेगळे, हिरव्या अळीचे वेगळे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं, हे आम्हाला शिकवलंय. पण सापळ्यातला गंध हा बाहेरचा आहे. तुम्ही म्हणता तो हुकूम आतला आहे. तो आतला हुकूमच बंद करता येईल का?

अमळनेर ते बंगळूरु

काका, नेमका हाच प्रश्न या विषयात काम करणाऱ्यांना पडतो, त्यामुळे सरळ उत्तर देतो. पीबीएएन जसंच्या तसं किंवा त्याच्या उलट काम करणारं पेप्टाइड फवारून उपयोग होत नाही. पतंगाच्या कातडीतून ते आत जात नाही, आणि पोटात गेलं तर इतर प्रथिनांसारखंच पचून जातं. म्हणून इस्रायलमध्ये मिरियम आल्टस्टाइन यांच्या गटाने पीबीएएनचा न मोडणारा, गोलाकार बांधलेला नमुना करून त्याचं काम अडवणारी रसायनं तपासली. त्या वाटेने शेतापर्यंत औषध पोचायला अजून बरंच काही व्हायचं आहे. या हंगामात तुमच्या हातात सापळा आणि निरीक्षणच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अडवायचं काय, हे कळण्याआधी कुठली पेशी, कुठलं पेप्टाइड, ते कुठून रक्तात सुटतं, हे ठरवावं लागतं. याच घराण्यातलं एक पेप्टाइड रेशीमकिड्यात अंड्यांना सुप्तावस्थेत पाठवतं. दुसरी काही स्नायू आकुंचित करतात. चुकीच्या पेशीला पीबीएएनची पेशी समजून पुढची दहा वर्षं काम झालं तर ते वाया जातं. ताईंचा प्रश्न म्हणून महत्त्वाचा आहे.

ताई, आता तुमच्यासाठी. मी मूळचा अमळनेरचा, बंगळूरुला फळमाशीच्या मेंदूवर काम करतो. रोजचं काम हेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पीबीएएनचं शेवटचं टोक बघा : फिनाइलअ‍ॅलानिन, सेरिन, प्रोलिन, आर्जिनिन, ल्युसिन, आणि त्यावर अमाइडची टोपी. पीबीएएनची क्रिया या पाच आम्लांच्या शेपटीतच असते. आणि ही शेपटी एकट्या पीबीएएनची नाही. ज्या जनुकातून पीबीएएन येतं त्याच जनुकातून पतंगांमध्ये एकूण पाच पेप्टाइडं कापून निघतात, सुप्तावस्थेचं हॉर्मोन धरून. पाचांची शेपटी जवळपास सारखी. शिवाय कापा नावाचं एक वेगळंच जनुक आहे. त्यातून निघणाऱ्या पेप्टाइडांपैकी एकाची शेपटीही प्रोलिन-आर्जिनिन-ल्युसिन-अमाइडच असते. हे कापा जनुक कुठे चालतं? मुख्यतः पोटाच्या गुच्छिकांमधल्या जोडीजोडीच्या पेशींत!

तुमची अँटीबॉडी शेपटी ओळखणारी असेल तर ती या सगळ्यांना चिकटणार. आमच्याकडे गावाच्या बाजारात उभं राहून नुसतं ‘ओ पाटील’ म्हणून हाक मारली तर किती जण वळून बघतील? हाक बरोबर होती, वळले तेही खरे पाटीलच, पण आपल्याला हवे होते ते कोणते हे त्या हाकेवरून ठरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट : लिहिताना ‘पीबीएएनच्या पेशी’ लिहू नका. ‘पीबीएएन-सदृश प्रतिक्रिया दाखवणाऱ्या पेशी’ लिहा. लांबलचक वाटतं, पण तेवढंच तुम्ही पाहिलं आहे. या क्षेत्रात ही शिस्त एफएमआरएफअमाइडमुळे आली. १९७७ मध्ये एका शिंपल्यातून ते चार आम्लांचं पेप्टाइड निघालं. त्याची अँटीबॉडी कीटकाला लावली तर मेंदूभर पेशी पेटल्या. पुढे कळलं की आर्जिनिन-फिनाइलअ‍ॅलानिन-अमाइड अशी शेपटी असलेली अर्धा डझन वेगवेगळी घराणी कीटकात आहेत आणि ती अँटीबॉडी सगळ्यांना चिकटते.

दुसरी गोष्ट : ज्यांनी अँटीबॉडी दिली त्यांना विचारा की पेप्टाइडचा कोणता भाग, कोणत्या बाजूने, कशाला जोडून टोचला होता, आणि ससा कितवा, रक्त कोणत्या वेळचं. एकाच पेप्टाइडच्या दोन सशांच्या अँटीबॉडी वेगळं रंगवू शकतात. ही माहिती प्रबंधात यायलाच हवी.

काचपट्टी

मी भुसावळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये हिस्टोटेक्निशियन आहे. कीटकातलं काही कळत नाही, पण अँटीबॉडी लावणं हेच माझं पोट. स्तनाच्या गाठीवर ईआर, पीआर (हॉर्मोन ओळखणाऱ्या प्रथिनांच्या अँटीबॉडी) रोज लावतो. त्या अनुभवावरून विचारतो ताई, तुम्ही कंट्रोल कोणते लावले? आमच्याकडे कंट्रोलशिवाय स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर जात नाही. पेशंटच्या सेक्शनशेजारी (सेक्शन म्हणजे ऊतकाचा पातळ काप) हमखास पॉझिटिव्ह असलेला तुकडा, आणि पहिली अँटीबॉडी न लावलेली एक स्लाइड. कीटकाच्या अंगात असं काय काय असतं जे आपोआप चमकतं?

गिरणाकाठची

दादा, फार चांगलं विचारलंत. पहिली अँटीबॉडी वगळून केलेलं आहे, त्यात पेशी काळ्याच राहिल्या. आपोआप चमकणारं बरंच असतं : श्वासनलिकांच्या भिंती, कातडीचे तुकडे, चरबीचे गोळे, डोळ्यातलं रंगद्रव्य. गुच्छिकेला चिकटलेली चरबी सोडवताना सगळ्यात वेळ जातो.

आणि हो, पेप्टाइड मिसळून केलेला कंट्रोलही आता झाला. अँटीबॉडी वापरायच्या पातळीला पातळ केली, त्यात कृत्रिम पीबीएएन १० मायक्रोमोलर घालून रात्रभर ४ अंशांवर ठेवलं आणि मग गुच्छिकांना लावलं. शेजारीच त्याच पातळीची, पेप्टाइड न घातलेली अँटीबॉडी, त्याच दिवशी, त्याच तुकडीतल्या पतंगांना. पेप्टाइड घातलेल्यात सगळं गेलं. डोक्यातलंही आणि पोटातलंही. हा निकाल दाखवल्यावर पुन्हा तेच म्हणणं आलं, की बघा, सिद्ध झालं, सगळ्या पीबीएएनच्याच.

अमळनेर ते बंगळूरु

नाही ताई, आणि इथेच बहुतेक जण घसरतात, छापील लेखांतसुद्धा.

या कंट्रोलने काय सिद्ध झालं? की तुमच्या गुच्छिकेत जी अँटीबॉडी चिकटत होती तिला पीबीएएन आवडतं. ती सिरमातल्या भलत्याच कशामुळे, ससा आधीच कशाविरुद्ध तरी तयार होता म्हणून, चिकटत नव्हती. हे महत्त्वाचंच आहे. पण पोटातल्या पेशीत कापा पेप्टाइड असेल आणि अँटीबॉडी त्याच्या शेपटीला चिकटत असेल, तरी पीबीएएन मिसळल्यावर ती अँटीबॉडी अडकून पडणारच, कारण शेपटी तीच. दोन्ही शक्यतांत रंग जातो. जो प्रयोग दोन्ही उत्तरांना एकच निकाल देतो तो त्या दोन उत्तरांमध्ये निवड करू शकत नाही.

हाच कंट्रोल थोडा फिरवून करा. पीबीएएनऐवजी ३३ आम्लांपैकी सुरुवातीचा तुकडा, शेपटी नसलेला, मिसळा. रंग कायम राहिला तर अँटीबॉडी शेपटीचीच आहे हे पक्कं. रंग गेला तर ती पुढच्या भागाची आहे आणि मग पोटातल्या पेशींचा वेगळा विचार करावा लागेल. कापाची शेपटी असलेलं पेप्टाइड मागवता आलं तर तेही वेगळं मिसळून बघा. लहान पेप्टाइड बनवून देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि अशा तुकड्याला नवी अँटीबॉडी बनवण्याच्या मानाने खूपच कमी खर्च येतो.

पांझरा

विषय सोडून नाही, पण स्पष्ट विचारतो. आज एकेका पेशीतला आरएनए वाचता येतो. २०२४ मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूची, १ लाख ३९ हजार चेतापेशींची, जोडणी छापून आली. अशा काळात सशाच्या अँटीबॉडीवर पीएच.डी. कशाला? जनुक चालू आहे की नाही हे थेट बघा की.

अमळनेर ते बंगळूरु

रास्त प्रश्न, आणि आरएनएचा पुरावा ताईंनी जोडलाच पाहिजे असं माझंही मत आहे. पीबीएएन आणि कापा ही दोन वेगळी जनुकं आहेत, त्यामुळे पेशीतल्या पेशीत आरएनए दाखवणारी इन-सिटू पद्धत त्यांना सहज वेगळं करते. रेशीमकिड्यात हे झालं आहे. पीबीएएन जनुकाचा आरएनए अन्ननलिकेखालच्या गुच्छिकेत फक्त बारा पेशींत मिळाला : पुढच्या पुंजक्यात चार, मधल्यात सहा, मागच्यात दोन. ताई, तुमचे तीन पुंजके याच्याशी ताडून बघा.

पण आरएनए म्हणजे पेप्टाइड नव्हे. एकाच जनुकातून आधी एक लांब प्रथिन बनतं आणि मग पेशी ते कापते. कुठे कापायचं हे पेशीपेशीनुसार बदलतं. फळमाशीत कापाचं जनुक पोटातही चालतं आणि डोक्याखालच्या एका जोडीतही. पोटातल्या पेशी त्यातून सगळी पेप्टाइडं काढतात, डोक्याखालची जोडी तसं करत नाही. आरएनए बघून हे कधीच कळलं नसतं. ते कळलं मास स्पेक्ट्रोमेट्रीने, एकेका पेशीतल्या पेप्टाइडांचं वजन मोजून.

शिवाय आरएनए राहतो पेशीच्या मुख्य भागात. पेप्टाइड मात्र पार तंतूच्या टोकापर्यंत जातं. अँटीबॉडी तो तंतू रंगवते, त्यामुळे पेशी कुठून निघते, कोणत्या नसेतून जाते, कुठे रक्तात सोडते हे दिसतं. कीटकातली पेशी ‘ओळखणं’ म्हणजे हेच : जागा, आकार, तंतूची वाट. ही ओळख एका पतंगाकडून दुसऱ्या पतंगाकडे जशीच्या तशी लागू पडते, कारण कीटकात पेशी थोड्या आणि जागच्या जागी पक्क्या असतात.

यातलं सर्वात देखणं उदाहरण घड्याळाच्या पेशींचं. पीडीएफ नावाचं १८ आम्लांचं पेप्टाइड. त्याचा मूळ भाऊबंद खेकड्यात रंगद्रव्य पसरवतो. खेकड्याच्या त्या पेप्टाइडविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी कीटकांच्या मेंदूला लावली, तर डोळ्यांच्या मुळाशी मोजक्याच पेशी रंगल्या. १९९५ मध्ये शार्लोट हेल्फ्रिश-फोर्स्टर यांनी फळमाशीत दाखवलं की दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणारं पीरियड प्रथिनही याच पेशींत आहे. आधी अँटीबॉडीने पेशी सापडल्या, मग त्यांचं काम कळलं. आणि पीडीएफ जनुक मोडलेल्या माशा मिळाल्यावर त्यांच्यात रंगच येत नाही हेही बघता आलं. अँटीबॉडी खरी की खोटी यासाठी याहून चांगला कंट्रोल नाही. घाटेअळीत असा मोडलेला वाण आपल्या हाताशी नाही, म्हणून बाकीचे पुरावे घट्ट विणावे लागतात.

पांझरा

समजलं. तंतूचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

धुळेकर कीटकवाला

एक भर घालतो. पेशी फिकी रंगली म्हणजे तिच्यात पेप्टाइड कमी बनतं असं लिहू नका. रंग दाखवतो तो शिल्लक साठा. भरपूर बनवून भरपूर सोडणारी पेशी फिकीच दिसेल आणि काहीच न सोडता साठवून बसलेली गडद दिसेल. तुमची मादी गंध सोडते रात्रीच्या उत्तरार्धात. म्हणून सगळे पतंग दिव्याच्या वेळापत्रकावर ठेवा, एकाच वयाचे घ्या आणि एकाच प्रहरी कापा. नाहीतर दोन पतंगांतला फरक पतंगांचा की घड्याळाचा, हे कळणार नाही.

तोरणमाळ

ताई, मे महिन्यात हे सगळं कसं सांभाळता? आमच्याकडे लाइट गेली की फ्रीज तासाभरात कोमट.

गिरणाकाठची

हा आमचा खरा प्रश्न. अख्ख्या गुच्छिकेत अँटीबॉडी मुरायला दोन रात्री ४ अंशांवर ठेवावं लागतं, कारण गुच्छिकेभोवती चिवट आवरण असतं. आवरण सैल करायला ट्रायटन, आणि गरज पडली तर कोलॅजिनेज थोडा वेळ. त्या दोन रात्रींत वीज गेली की काळजी. मी लसीकरणाला वापरतात तसला कॅरियर आइसपॅक घालून तयार ठेवते, नळ्या त्यात. पहिली अँटीबॉडी आल्या-आल्या छोट्या-छोट्या हिश्शांत वाटून उणे २० ला, म्हणजे एक हिस्सा एकदाच वितळतो. बर्फ आपोआप वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजच्या फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, त्यात तापमान सारखं वर-खाली होतं.

काचपट्टी

बफर खराब होऊ नये म्हणून सोडियम अझाइड घालत असाल. फ्लुरोसन्सला चालतं. पण पुढे तपकिरी रंगाची एचआरपी-डॅब पद्धत करायची ठरली तर लक्षात ठेवा, अझाइड एचआरपी एन्झाइमला मारतं. दुसरी अँटीबॉडी लावण्याआधी अझाइड नसलेल्या बफरने नीट धुवा, नाहीतर रंग येत नाही आणि माणूस पहिल्या अँटीबॉडीला दोष देत बसतो. डॅबआधी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे ऊतकातलं स्वतःचं पेरॉक्सिडेज शांत होतं. डॅबला हातमोजे हवेतच, ते कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका.

डॅबचा फायदा सांगतो : साधा मायक्रोस्कोप पुरतो आणि स्लाइड वर्षानुवर्षं टिकते. फ्लुरोसन्स काही आठवड्यांत उतरतो. तुमच्या कॉलेजात साधा मायक्रोस्कोप असणारच.

गिरणाकाठची

दादा, हे माझ्यासाठी सोन्यासारखं आहे. सगळ्यांचं वाचून आता पुढचं असं ठरवते आहे. शेपटी नसलेला तुकडा मागवते आणि कंट्रोल पुन्हा करते. अँटीबॉडी देणाऱ्यांना पत्र गेलं. इन-सिटूसाठी अमळनेरच्या दादांना वेगळा निरोप करते. तोवर आकृत्यांखाली ‘पीबीएएन-सदृश’ एवढंच राहील, आणि पोटातल्या पेशींसमोर कापाची शक्यता लिहीन. मार्गदर्शकांना हा धागा दाखवला. शेपटीचा मुद्दा त्यांना पटला आणि तुकड्याची ऑर्डर त्यांनीच मंजूर केली.

एक अडचण उरते. कापाच्या पेप्टाइडविरुद्ध एक अँटीबॉडी मिळण्यासारखी आहे, पण तीही सशातलीच. माझी पीबीएएनची पण सशातली. एकाच गुच्छिकेत दोन्ही लावल्या तर दुसरी अँटीबॉडी दोघींनाही धरणार. मग पोटातल्या त्याच पेशीत दोन्ही आहेत की नाहीत, हे कसं बघू?

काचपट्टी

ताई, याला आमच्याकडे जुना उपाय आहे. अख्खी गुच्छिका सोडा, पॅराफिनचा ब्लॉक करा, म्हणजे ती मेणाच्या ठोकळ्यात बसवा. तुमच्या या पेशी केवढ्या असतात?

गिरणाकाठची

मोठ्या असतात. स्राव सोडणाऱ्या पेशी शेजारच्या पेशींपेक्षा उठून दिसतात. २० मायक्रॉनच्या आसपास धरा.

काचपट्टी

मग झालंच. ५ मायक्रॉनचे सलग सेक्शन कापले तर एकच पेशी लागोपाठ तीन-चार सेक्शनमध्ये येते. पहिला सेक्शन एका स्लाइडवर, त्याच्या लगतचा दुसऱ्या स्लाइडवर. एकीला पीबीएएन, दुसरीला कापा. नंतर दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून तीच पेशी शोधायची. दोन्हींत रंगली तर एक निकाल, एकीतच रंगली तर दुसरा. तिसरा सेक्शन पहिली अँटीबॉडी न लावता कंट्रोलला ठेवा.

अमळनेर ते बंगळूरु

उत्तम उपाय. फक्त कापाची अँटीबॉडी प्रोलिन-आर्जिनिन-व्हॅलिन-अमाइड शेपटीची असेल तरच घ्या. कापा जनुकातून तशी शेपटी असलेली पेप्टाइडंही निघतात आणि ती पीबीएएनच्या घराण्यात नाहीत. तीही ल्युसिनच्या शेपटीची असेल तर दोन्ही स्लाइड सारख्याच दिसतील आणि आपण होतो तिथेच राहू. आणि दोन्हींत रंगली तरी अर्थ नीट लावा : ती कापाची पेशी आहे आणि पीबीएएनची अँटीबॉडी तिच्यातल्या ल्युसिन-शेपटीला चिकटली, हाच पहिला अर्थ. तिच्यात खरंच पीबीएएन आहे की नाही हे इन-सिटू सांगेल.

केळीकपाशी

ताई, घाटेअळी लागल्यात तर सांगा. मना हरभरामा दरसाल रास येस. औषध न मारेल तुकडा तुम्हनासाठे ठेवसू.

गिरणाकाठची

काका, नक्की लागतील! औषध न मारलेल्या शेतातल्याच हव्या असतात, त्या मिळतच नाहीत. फुलोरा संपून घाटे भरायला लागले की निरोप द्या, मी येते.

काचपट्टी दादा, शेवटचं : फिक्स करायला पॅराफॉर्माल्डिहाइडच ठेवू की बुआँ (पिक्रिक आम्ल असलेलं द्रावण)?

काचपट्टी

दोन्ही करून बघा, अर्धे-अर्धे. बुआँमध्ये पॅराफिनचे सेक्शन छान कापले जातात, पण पिवळेपणा ७० टक्के अल्कोहोलने पूर्ण निघेपर्यंत धुवा, पिक्रिक आम्ल राहिलं तर पार्श्वभूमी बिघडते. स्लाइड पॉलिलायसिन लावलेल्या घ्या, नाहीतर एवढासा सेक्शन धुताना वाहून जाईल. गुच्छिका लहान आहे, मेणात हरवते, तर ब्लॉक करण्याआधी तिला इओसिनचा हलका हात द्या म्हणजे दिसेल. मात्र इओसिन स्वतः चमकतं, म्हणून या स्लाइड डॅबलाच वापरा. आणि मायक्रोटोमवर (सेक्शन कापायच्या यंत्रावर) सलग सेक्शनची रिबन तुटू देऊ नका, सेक्शनचा क्रम चुकला तर लगतची पेशी कोणती हेच कळणार नाही. ब्लॉक तयार झाले की भुसावळला घेऊन या, लॅबच्या डॉक्टरांशी बोलून ठेवतो, संध्याकाळी मायक्रोटोम मोकळा असतो.